उधारीची वही आणि बाळाचं वजन

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला तो नीचांक. खाण्याच्या वस्तू तर एकूणात वर्षापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त झाल्या होत्या. पुण्यात भाजी घेणाऱ्याला ही बातमी गोड लागली असेल. शिरूर तालुक्यात ज्याच्या बराखीत उन्हाळी कांदा पडून होता, त्याच्यापर्यंत मात्र ती आडत्याच्या पट्टीतून पोचली. वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, आणि खाली उरलेला केविलवाणा आकडा.

शिरूर आणि दौंडमध्ये महागाईचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. इथला शेतकरी विकणारा आहे आणि विकत घेणाराही. कांदा, ऊस, दूध, भाजीपाला विकतो. तेल, डाळ, चहा, खत, औषध विकत आणतो. सभासदाला दिवाळीत मिळणारी सवलतीची साखर सोडली, तर ऊस घालणाराही साखर दुकानातूनच आणतो. भाव वाढले की एका हाताने आलं आणि दुसऱ्या हाताने गेलं, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात घ्यायच्या मालाचा भाव हळूहळू चढतो आणि चढला की सहसा उतरत नाही. विकायच्या मालाचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने रातोरात कोसळतो. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि नेमका उन्हाळी कांदा बाजारात येण्याच्या दिवसांत ती कायम राहिली. उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. दौंड ज्या बारामती मतदारसंघात येतो तिथलं मतदान 7 मेला होतं, शिरूरचं 13 मेला. तारखांचा हा योग शेतकऱ्यांच्या नजरेतून सुटला असेल असं समजायचं कारण नाही.

आणि हा झाला जमीन असलेल्याचा प्रश्न. ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःची मजुरी आहे, त्याच्या वाट्याला व्यवहाराची खरेदीचीच बाजू येते. कांद्याचा भाव पडला तर त्याचं कालवण स्वस्त होतं खरं, पण पुढच्या हंगामात मालक लागवड कमी करतो, खुरपणीला बायका कमी सांगतो, आणि ती स्वस्ताई रोजगारातून वसूल होते.

महागाईचा दर काढतात तो वस्तूंच्या एका ठरीव टोपलीवरून. त्या टोपलीत कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं, ह्यावर सगळं अवलंबून. 2012 च्या मालिकेत शहरी टोपलीत खाण्यापिण्याचं वजन सुमारे 36 टक्के होतं, ग्रामीण टोपलीत 54. शेतमजुरांसाठी 1986-87 पायाभूत धरून जो वेगळा निर्देशांक निघत असे, त्यात ते 69 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे तेल किंवा डाळ जेवढी कडाडेल, तेवढा शेतमजुराच्या घराला बसणारा चटका शहरातल्या पगारदाराच्या जवळजवळ दुप्पट. बातम्यांत येणारा एकच एक आकडा ह्या सगळ्यांची सरासरी असतो, आणि सरासरीत कुणीच राहत नाही.

ह्याच मालिकेत ग्रामीण टोपलीत घरभाडं धरलेलं नव्हतं. खेड्यात माणूस स्वतःच्या घरात राहतो, असं त्यामागचं गृहीतक. रांजणगाव गणपती, कारेगाव, ढोकसांगवी, सणसवाडी, शिक्रापूर, इकडे कुरकुंभ ह्या गावांत फेरी मारली तर ते गृहीतक किती जुनं आहे ते दिसतं. एमआयडीसीच्या आसऱ्याने पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं एका खोलीत चार-पाच जण मिळून राहतात, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपतात. ठेकेदारामार्फत कामाला असलेल्या पोराच्या हातात पगार आला की आधी भाडं जातं, मग खानावळ, मग गावी पाठवायचे. खोल्यांचा मालक बहुतेक वेळा इथलाच, कंपन्यांना जमीन गेलेला किंवा रस्त्याकडेला गुंठे राखलेला शेतकरी. भाडं वाढलं तर एकाचं राहणीमान वर जातं आणि दुसऱ्याचं खाली, दोघंही एकाच ग्रामपंचायतीत.

गरिबाला वस्तू महाग पडते ती आणखी एका कारणाने. तो थोडी थोडी घेतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा ज्याला परवडतो त्याला किलोमागे कमी पडतं; रोज संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर वाटीभर तेल, पुडीभर चहा, दहा रुपयांचा साबण घेणाऱ्याला तीच वस्तू जास्त दराने मिळते. शिवाय उधारी. किराणावाला वहीत मांडतो तेव्हा व्याज लिहीत नाही, पण उधारीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही आणि भावावरून घासाघीस करू शकत नाही. ते न लिहिलेलं व्याजच. ह्यात दुकानदार लुच्चा असतोच असं नाही. त्याचेही पैसे वहीत अडकलेले असतात.

वही हा शब्द ह्या मुलखात नुसता लिहिता येत नाही. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांच्या घरावर जप्तीचा हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्याने, पाणक्याने त्याची कामं सोडली. पुढच्या वर्षी 12 मे 1875 रोजी सुप्याला लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडून गहाणखतं आणि खातेवह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होतं, आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराच मुलूखही त्याच भीमथडीचा. लोण बघता बघता केडगावला आणि शिरूरकडे पसरलं. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी पडला. राग होता तो कागदावर.

ह्या दंग्यांची चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जरोख्यावर काय लिहिलंय एवढंच न बघता मूळ कर्ज किती होतं, ते कसं वाढत गेलं, हे तपासायची मुभा न्यायालयांना मिळाली. त्याआधी काय घडलं होतं? अमेरिकेतल्या यादवीमुळे 1860 च्या दशकात कापसाचा भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. 1865 ला यादवी संपली, भाव उतरले, पण त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. हजारो मैलांवरच्या लढाईने भाव चढतो आणि उतरतो, मधल्या काळात खर्च मात्र वरच्या पायरीवर जाऊन बसतो, आणि ती दरी कर्जाने भरली जाते. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल कडाडलं तेव्हा हेच गणित वेगळ्या कपड्यांत आलं. सावकाराच्या जागी आता दर आठवड्याला गटाची बैठक घेऊन हप्ता गोळा करणारा फायनान्सवाला आहे, एवढाच फरक.

दंग्यांनंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन ह्यांनी ह्या भागातल्या एका गावाचं घरन् घर मोजलं. आधी 1917 मध्ये त्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. (त्या पिंपळे सौदागरात आज शेत शोधायला दुर्बीण लागेल.) दुसरा अभ्यास, ना. वि. कानिटकरांच्या सोबतीने केलेला, 1921 मध्ये आला. गाव होतं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, जिरायत पट्ट्यातलं. किती जमीन, किती तुकडे, काय पिकतं, बाहेरची मजुरी किती, कर्ज किती, हे सगळं मांडून मॅन ज्या निष्कर्षावर आले तो बिनदिक्कत कठोर होता. साधारण बऱ्या वर्षातसुद्धा बहुसंख्य कुटुंबांचं उत्पन्न, शेती आणि मजुरी दोन्ही मिळून, गावाने स्वतःच मानलेल्या किमान गरजांनाही पुरत नव्हतं.

मग ही कुटुंबं जगत कशी होती? मला ह्या सगळ्या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आणि तरी घर चालतंय, म्हणजे तूट कुठून तरी भरली जाते. थोडी कर्जातून. उरलेली पोटातून.

पुढे पुण्यातच, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनी 1971 साली ह्या पोटाला आकडा दिला. दिवसाला 2250 उष्मांक मिळतील इतका खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा. 1960-61 च्या भावाने तो खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के लोक होते आणि शहरातले सुमारे 50. रेषा पुढे अनेकदा बदलली, वाद झाले. पण उष्मांकांच्या हिशेबात एक खोट राहते. भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन उष्मांक भरतात. महागाईत घर जे कापतं ते भाकरी नसते; ते दूध, डाळ, पालेभाजी, अंडं, फळ असतं. पोट भरलेलं असतं आणि तरी शरीर उपाशी.

हे पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांनी जगाला दाखवून दिलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. बाळांचं जन्माचं सरासरी वजन भरलं 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण खरी चकित करणारी गोष्ट वेगळी होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारीक होते, कातडीखालची चरबी मात्र तेवढी घटलेली नव्हती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त. ज्या आया दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची निघाली. ज्यांच्या अंगावर शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त होतं त्यांची लहान. आणि सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली.

बी-12 मांसाहारातून मिळतं, आणि जो मांसाहार क्वचितच करतो त्याला मुख्यतः दुधातून. आता शिरूर-दौंडमधली एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. पहाटे धार निघते, किटली मोटरसायकलला अडकते, संकलन केंद्रावर फॅट लागतं, दहा दिवसांनी पगार होतो. त्या पगारावर पेंडीची उधारी आणि हप्ता अवलंबून असतो. म्हणून घरात चहापुरतं दूध राहतं. भाव चांगला असेल तर विकायचा मोह म्हणून, आणि पडला तर जास्त लिटर घातल्याशिवाय भागत नाही म्हणून. 2023-24 च्या हिवाळ्यात गायीच्या दुधाचा भाव इतका उतरला की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. दूध पिकवणाऱ्या घरातली सून आणि दुधातून मिळणारं जीवनसत्त्व, ह्यांच्यामध्ये डेअरीचं पासबुक उभं आहे. मॅनसाहेबांना जातेगावात जी तूट दिसली तिचा भरणा कोण करत होतं, ह्याचं एक उत्तर इथे मिळतं. आणि त्या भरण्याची परतफेड वीस-तीस वर्षांनी होते, साखरेच्या गोळ्यांच्या रूपाने.

आजार गरीब घरात येतो तेव्हा तो दवाखान्याच्या बिलाएवढा कधीच नसतो. रोजंदारीवरचा माणूस तीन दिवस तापाने पडला तर तीन दिवसांची मजुरी बुडते. त्याच्यापाशी बसणाऱ्याचीही बुडते. आधी मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या, मग गावातला डॉक्टर आणि अशक्तपणाला म्हणून सलाईन, मग तालुक्याला, आणि तिथूनही पुण्याला ससूनला. प्रत्येक पायरीवर पैसे जातात आणि दिवस जातात. सरकारी योजना आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढलं आणि ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2014-15 मध्ये 62.6 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. पण योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून रोज जी गोळी लागते, ती औषध संपलेलं असलं की दुकानातूनच घ्यावी लागते.

त्या गोळीचाही महागाईशी एक विचित्र संबंध आहे. सरकारी यादीतल्या अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाला बांधलेल्या आहेत. 2021-22 मध्ये कच्चं तेल आणि धातू भडकल्याने घाऊक निर्देशांक उसळला, म्हणून एप्रिल 2022 मध्ये कंपन्यांना 10.77 टक्के आणि एप्रिल 2023 मध्ये 12.12 टक्के वाढ करायची मुभा मिळाली. दोन वर्षांत जवळपास 24 टक्के. रक्तदाबाची गोळी तीच, बनवायची रीत तीच. वाढ झाली ती पोलाद आणि पेट्रोलच्या मागून. मेडिकलच्या काउंटरवर तेव्हा "अख्खी पट्टी नको, पाच द्या" असं ऐकू येतं. पाच संपल्या की पुढचा बाजार येईपर्यंत खंड. रक्तदाब खंड मानत नाही. मग एके दिवशी अर्धांग, घरातला कमावता माणूस अंथरुणाला, आणि मुलीची शाळा सुटते कारण आजारी माणसापाशी कुणीतरी हवं.

शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी 1970 च्या दशकात केईएमच्या मदतीने गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं होतं. 1993 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या करतात त्यातलं बरंचसं काम तिथे आधी झालं. 2002 पासून तिथल्या 22 गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर ह्यांची सलग नोंद ठेवली जाते. एवढी माहिती असलेला ग्रामीण मुलूख देशात फार थोडा. प्रश्न माहितीचा उरलेला नाही.

प्रश्न आहे गोठलेल्या आकड्यांचा. भाव दरवर्षी हलतात. ज्या आकड्यांवरून गरिबाला काही मिळायचं, ते जागचे हलत नाहीत. अंगणवाडीतून गर्भवतीला आणि स्तनदा मातेला जो पूरक आहार मिळतो त्याचा दर 2017 मध्ये दिवसाला साडेनऊ रुपये ठरला, आणि पुढची बरीच वर्षं तोच राहिला. साडेनऊ रुपयांत त्या वर्षी जेवढी डाळ येत होती तेवढी नंतर येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, दीड दशकाहून जास्त काळ. राज्याने स्वतःची भर घालून ती रक्कम वर नेली म्हणून बरं.

ह्या सगळ्यात अन्नसुरक्षेची उत्पन्नमर्यादा मला सगळ्यात मासलेवाईक वाटते. महाराष्ट्रात हा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबाची मर्यादा खेड्यात वर्षाला 44,000 रुपये ठरली, शहरात 59,000. दहा वर्षं उलटली तरी ती तशीच होती. 44,000 म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिना 3,667. आणि 2023-24 च्या सरकारी उपभोग सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातला सरासरी खर्च माणशी महिना 4,122 रुपये. म्हणजे सरासरी एका माणसाच्या खर्चापेक्षा कमी पैशांत ज्याचं सगळं घर चालतं, तोच कागदोपत्री पात्र. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी राज्यात 297 रुपये होती. कुटुंबातल्या एकाने वर्षात 150 दिवस ह्या दराने काम केलं की 44,550 रुपये होतात आणि मर्यादा ओलांडली जाते.

म्हणून तहसीलमधून निघणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यांवर एकवीस हजार, छत्तीस हजार असे आकडे दिसतात. अर्जदाराला, तलाठ्याला, सही करणाऱ्याला, सगळ्यांनाच ते आकडे ठाऊक असतात तसे ठाऊक असतात. पाच एकर बागायत ऊस असलेल्याचं उत्पन्न कुठल्याच पावतीवर दिसत नाही, तेव्हा त्याचाही दाखला बसतो. अडकतो तो रांजणगावला किंवा कुरकुंभला ठेकेदाराकडे कामाला लागलेल्या पोराचा बाप. पोराच्या पगारातून पीएफ कापला जातो, पगाराची चिठ्ठी निघते, आणि त्या चिठ्ठीवर घराचं उत्पन्न छापील अक्षरांत दिसतं. पोराचा ठेका अकरा महिन्यांनी संपतो. धान्य बंद झालेलं असतं ते बंदच राहतं.